एंडोथेलिन, परदेशातली गोळी आणि पत्रातली शेवटची ओळ

पत्राचा सारांश: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी शिक्षिका असलेल्या ३२ वर्षांच्या वाचक भगिनींचे हे पत्र आहे. त्यांना चार वर्षांची मुलगी आहे. गेल्या वर्षी लघवीला फेस येऊ लागला, रक्तदाब १५०/९६ निघाला आणि मूत्रपिंडाच्या बायोप्सीनंतर ‘आयजीए नेफ्रोपॅथी’ असे निदान झाले. त्या वेळी चोवीस तासांच्या लघवीत १.६ ग्रॅम प्रथिन जात होते. टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची गोळी रोज ४० मिलिग्रॅम घेतल्यावर आठ महिन्यांत ते १.१ ग्रॅमवर आले आहे. क्रिएटिनीन (मूत्रपिंड कितपत गाळते ते दाखवणारा रक्तातला घटक) १.१ आहे. एंडोथेलिन नावाचा रक्तवाहिन्या आवळणारा घटक या आजारात मूत्रपिंड खराब करतो, असे न्यू जर्सीत राहणाऱ्या त्यांच्या दिरांनी वाचले असून तो रोखणारी स्पारसेंटान ही नवी गोळी तीन महिने पुरेल इतकी पाठवण्याची तयारी दाखवली आहे. गावातल्या औषध दुकानदाराचे म्हणणे असे की, ‘त्याच जातीची’ बोसेंटान इथेच मिळते. डॉक्टरांना न सांगता यांपैकी काही सुरू करावे का, आणि त्याआधी रक्तातले एंडोथेलिन तपासून घ्यावे का, असे त्यांनी विचारले आहे. सहीच्या वर एक ओळ आहे: ‘घरच्यांना दुसरे मूल हवे आहे, मलाही हवे आहे, पण डॉक्टरांना विचारण्याचे धाडस होत नाही.’

आधी तुमच्या शेवटच्या ओळीला उत्तर देते, कारण बाकीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तिच्यावरच अवलंबून आहेत. येत्या दोन-तीन वर्षांत दुसरे मूल व्हावे असे तुम्हाला खरोखरच वाटत असेल, तर दिरांनी सुचवलेली गोळी आज तुमच्यासाठी नाही, आणि दुकानदाराने सुचवलेली तर मुळीच नाही. म्हणून तुमच्या हाती काही उरले नाही, असे मात्र समजू नका. जे औषध तुम्ही आत्ता घेत आहात, त्याचीच पूर्ण ताकद अजून वापरून झालेली नाही. मी असे का म्हणते ते कळण्यासाठी एंडोथेलिनची थोडी ओळख करून घ्यावी लागेल, आणि ती दिरांनी करून दिलेल्या ओळखीहून जराशी वेगळी असेल.

‘सापाच्या विषात असते तेच आपल्या अंगात असते, हे वाचून काटा आला,’ असे तुम्ही लिहिले आहे. यातले निम्मे खरे आहे. १९८८ मध्ये जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठात मासाशी यानागिसावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या महाधमनीच्या अस्तरातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि त्या ज्या द्रवात वाढत होत्या त्यातून २१ अमिनो आम्लांची एक लहानशी साखळी, म्हणजे पेप्टाइड, वेगळे काढले. रक्तवाहिनीच्या या अस्तराला एंडोथेलियम म्हणतात, म्हणून त्याचे नाव एंडोथेलिन. त्याच सुमारास इस्रायलमध्ये बिळात राहणाऱ्या एका सापाच्या विषातल्या साराफोटॉक्सिन या द्रव्याची घडण उलगडली होती, आणि ही दोन्ही पेप्टाइडे एकमेकांची भावंडे शोभावीत इतकी सारखी निघाली. पण विष ठरते ते मात्रेवरून आणि जागेवरून. साप चावला की ते द्रव्य एकदम रक्तात उतरते आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यासुद्धा आवळते. आपल्या शरीरात मात्र अस्तरातली पेशी एंडोथेलिन अगदी थोडे, शेजारच्या स्नायुपेशीला पुरेल इतकेच सोडते.

तुमच्या तपासणीच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आले. अस्तरातली पेशी बहुतेक एंडोथेलिन आत वाहणाऱ्या रक्तात न सोडता बाहेरच्या बाजूला, रक्तवाहिनीच्या भिंतीकडे सोडते. जे थोडे रक्तात येते तेही काही मिनिटांत नाहीसे होते. शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात काय शिजते आहे ते रस्त्यावरच्या वासावरून ओळखावे, तसा तो प्रकार होईल. संशोधनात हे मोजमाप केले जाते. उपचार ठरवण्यासाठी त्याचा उपयोग नाही. ते पैसे वाचवा.

आता मुख्य गैरसमजाकडे येऊ. एंडोथेलिन हा शत्रू आहे आणि त्याला बंद केले की मूत्रपिंड वाचेल, हे गृहीत धरून तुमचे सगळे पत्र लिहिलेले आहे. पेशीला निरोप देण्यासाठी या पेप्टाइडला पेशीवर दोन प्रकारची दारे असतात. शास्त्रात त्यांना ए आणि बी रिसेप्टर म्हणतात. आपण ए दार आणि बी दार म्हणू. ए दाराशी गेले की रक्तवाहिनी आवळली जाते, आणि हे आवळणे पुष्कळ वेळ टिकते. रक्तवाहिनीच्या अस्तरावरच्या बी दाराशी गेले तर जवळजवळ उलटे घडते: नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि रक्तवाहिनी सैल पडते. शिवाय रक्तातले जास्तीचे एंडोथेलिन उचलून नेण्याचे कामही बी दारच करते.

मूत्रपिंडात हे पेप्टाइड मुबलक तयार होते, आणि त्यातला मोठा वाटा मूत्रपिंडाच्या गाभ्यातल्या, तयार झालेली लघवी शेवटी जिथून वाहत जाते त्या संग्राहक नलिकांचा असतो. दुपारी डब्यात खारातली मिरची आणि पापड आला की काही वेळाने या नलिकांच्या पेशी एंडोथेलिन सोडतात, ते बी दाराशी जाते आणि मीठ परत शोषून घेण्याचे काम मंदावते. मग जास्तीचे मीठ आणि पाणी लघवीवाटे निघून जाते. ज्या उंदरांच्या फक्त या नलिकांतले एंडोथेलिन बंद केले होते, त्यांचा रक्तदाब वाढला आणि मीठ जास्त असलेल्या आहारावर तो आणखी चढला. त्याहून चक्रावणारी नोंद १९९४ची आहे. ज्या उंदरांत एंडोथेलिन-१ (एंडोथेलिनचा मुख्य प्रकार) तयार करण्याची निम्मीच क्षमता ठेवली होती त्यांचा रक्तदाब उतरायला हवा होता, पण तो किंचित वाढलेला आढळला. ज्या उंदरांत ते अजिबातच नव्हते त्यांच्या जबड्याची आणि चेहऱ्याची घडणच बिघडली आणि ती पिल्ले जन्मल्यावर जगली नाहीत. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे परत यायचे आहे.

मग आजारात नेमके काय होते? तुमच्या आजारात आयजीए नावाच्या प्रतिपिंडांचे गुंते मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्यांत अडकतात. प्रत्येक मूत्रपिंडात अशा सुमारे दहा लाख गाळण्या असतात. गुंता अडकला की तिथल्या पेशी चिडून एंडोथेलिन जास्त सोडू लागतात आणि त्याचा जोर ए दारावर पडतो. गाळणीच्या बाहेरच्या अंगाला पोडोसाइट नावाच्या पेशी असतात. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफावीत तशी त्यांची पावले एकमेकांत गुंफलेली असतात आणि त्यांमधल्या फटींतून पाणी जाते, प्रथिन जात नाही. ए दार सतत ठोठावले जाऊ लागले की ही बोटे आखडतात, गुंफण सुटते आणि प्रथिन निसटते. तुम्हाला संडासात दिसलेला तो फेस म्हणजे हे निसटलेले प्रथिन. निसटलेले प्रथिन पुढच्या नलिकांना त्रास देते, त्या आणखी एंडोथेलिन सोडतात, दाह वाढतो आणि हळूहळू तिथे वण पडत जातात. मधुमेहात सुरुवात वेगळी असली तरी पुढची वाट पुष्कळशी अशीच जाते, म्हणून मधुमेही वाचकांनीही हा भाग आपल्यासाठीच आहे असे समजावे.

तेव्हा दिरांचे वाचन चुकीचे नाही. ए दार अडवल्याने फायदा होतो, हे माणसांवरच्या चाचण्यांतही दिसले आहे. पण तिथपर्यंतचा रस्ता सरळ नव्हता, आणि तो तुम्हाला ठाऊक असावा असे मला वाटते. मधुमेही रुग्णांवरची अव्होसेंटान या औषधाची मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली. लघवीतले अल्ब्युमिन हे प्रथिन छान उतरत होते, पण अंगात पाणी साचून हृदयाला ते झेपेना. मीठ-पाणी बाहेर टाकण्यातही हात असलेली यंत्रणा जास्त मात्रेने दाबली की असे होणारच, हे आज सांगणे सोपे आहे. पुढे २०१९ मध्ये अट्रासेंटानची चाचणी प्रसिद्ध झाली, ती याच अनुभवातून शहाणपण घेऊन आखलेली होती: मात्रा लहान ठेवली, आधी काही आठवडे औषध देऊन पाहिले, ज्यांच्या अंगात पाणी साचले त्यांना वगळले, आणि उरलेल्यांत मूत्रपिंड निकामी होण्याकडची वाटचाल ठळकपणे मंदावली. स्पारसेंटान ही एकाच गोळीत दोन कामे करते. एंडोथेलिनचे ए दार अडवते आणि त्याच वेळी अँजिओटेन्सिन या रक्तवाहिन्या आवळणाऱ्या दुसऱ्या द्रव्याचेही दार अडवते. आयजीए नेफ्रोपॅथीच्या चाचणीत ३६ आठवड्यांनी लघवीतले प्रथिन तिने जवळपास निम्म्यावर आणले, तर तुलनेसाठी दिलेल्या, टेल्मिसार्टनच्याच जातीच्या इर्बेसार्टनने ते सुमारे १५ टक्क्यांनीच कमी केले. अमेरिकेत तिला २०२३ मध्ये सशर्त आणि २०२४ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. औषध चांगले आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

शंका आहे ती तुमच्या आणि त्या औषधाच्या आजच्या गाठीविषयी. त्या चाचणीत फक्त असेच रुग्ण घेतले होते, ज्यांना इर्बेसार्टन-टेल्मिसार्टनसारखे औषध सोसवेल तितक्या पूर्ण मात्रेत निदान १२ आठवडे देऊनही दिवसाला एक ग्रॅमहून अधिक प्रथिन जात होते. तुम्ही टेल्मिसार्टन ४० वर आहात. हेच औषध ८० पर्यंत देता येते. अर्ध्या मात्रेवर १.६ चे १.१ झाले आहे, म्हणजे औषध लागू पडते आहे. मात्रा वाढवणे हे डॉक्टरांचे काम असले तरी ‘वाढवता येईल का?’ असे विचारणे हे तुमचे काम आहे. वाढवल्यानंतर दोन ते चार आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनीन तपासावे लागते. त्यात क्रिएटिनीन थोडे वर सरकले म्हणून घाबरून औषध बंद करू नये. साधारण ३० टक्क्यांपर्यंतची वाढ अपेक्षित धरली जाते. हल्ली डापाग्लिफ्लोझिनसारख्या मूळच्या मधुमेहाच्या गोळ्याही मधुमेह नसलेल्या मूत्रपिंडविकारात दिल्या जातात, त्यांच्याविषयीही विचारा. मात्र गरोदरपणात त्याही चालत नाहीत.

गुपचूप गोळी सुरू करण्यातला सगळ्यात जवळचा धोका दिरांच्या लक्षात आलेला दिसत नाही. स्पारसेंटानमध्ये अँजिओटेन्सिनला अडवणारा भाग आधीच आहे आणि टेल्मिसार्टनही तेच काम करते, त्यामुळे ती टेल्मिसार्टनच्या जोडीला घ्यायचीच नसते. तुम्ही दोन्ही घेतल्या, तर एकाच दाराला दोन कुलपे लागतील. रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो, पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते, आणि ज्या मूत्रपिंडासाठी हा खटाटोप चालला आहे त्यालाच इजा होऊ शकते. तुमचे डॉक्टर मात्र पुढच्या भेटीत ‘टेल्मिसार्टनने असे कसे झाले?’ म्हणून कोड्यात पडतील. शिवाय या गोळीसोबत यकृताच्या तपासण्या ठरलेल्या वेळी कराव्या लागतात. अमेरिकेतही ती चिठ्ठीशिवाय मिळत नाही, तेव्हा दिरांच्या हाती तुमच्या नावाची गोळी कशी पडणार, हा एक प्रश्नच आहे. उद्या खरोखर गरज पडली, तर आपल्याकडे वैयक्तिक वापरासाठी औषध आयात करण्याचा कायदेशीर परवाना मिळतो आणि त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी लागते. म्हणजे तो रस्ताही डॉक्टरांच्या टेबलावरूनच जातो.

बोसेंटानविषयी दोनच वाक्ये. ती फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांच्या उच्च दाबासाठीची गोळी आहे आणि ती ए व बी ही दोन्ही दारे अडवते, म्हणजे मूत्रपिंडाला उपयोगी पडणारे दारही. यकृताला तिच्यामुळे त्रास होऊ शकतोच, पण तुमच्या वयाच्या स्त्रियांना कुणी सांगत नाही ते हे की, ती घेत असताना संततिनियमनाच्या संप्रेरकांच्या गोळ्यांचा भरवसा उरत नाही.

आता जबड्याच्या घडणीकडे परत येऊ. गर्भाचा चेहरा, जबडा, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या या सगळ्यांच्या घडणीत एंडोथेलिनचा हात असतो, आणि ते ए दारामार्फतच चालते. म्हणून हे दार अडवणारी प्रत्येक गोळी गरोदरपणात वर्ज्य आहे. ती चालू असताना खात्रीचे संततिनियमन लागते. इतकेच नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत असे दिसले आहे की, गरोदरपणात मूत्रपिंडाकडे रक्ताचा ओघ वाढतो त्यात एंडोथेलिनचे बी दार कामी येते. आणि पुढे ज्या स्त्रियांना प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणातला घातक रक्तदाब, होतो त्यांच्यात एंडोथेलिन वाढलेले आढळते. एकच पेप्टाइड आईच्या मूत्रपिंडाला नऊ महिन्यांचा भार पेलायला मदत करते, बाळाचा जबडा घडवते, आणि तोल गेला की आईच्या जिवावरही उठते. त्याला ‘बंद करायचे’ म्हणणे सोपे आहे, इतकेच म्हणते.

तुम्ही आज घेता ते टेल्मिसार्टनसुद्धा गरोदरपणात चालत नाही. विशेषतः चौथ्या महिन्यापासून पुढे ते बाळाच्या मूत्रपिंडांना अपाय करते. हे तुम्हाला कुणी स्पष्टपणे सांगितले आहे की नाही, ते पत्रावरून कळत नाही. डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो म्हणून विषय टाळला जातो, आणि गोळी चालू असतानाच दिवस राहतात, असे मी ओपीडीत अनेकदा पाहिले आहे. तेव्हा मूल हवे असो वा नसो, हा विषय काढल्याशिवाय तुमची सुटका नाही. डॉक्टर नाहीच म्हणतील, हे तुम्ही मनाशी धरून चालला आहात. तुमच्या क्रिएटिनीनवरून मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मोजली तर ती मिनिटाला ६८ मिलिलिटरच्या आसपास येते. या पातळीवर, रक्तदाब आटोक्यात आणि प्रथिन कमी असेल तर अनेक स्त्रियांचे बाळंतपण नीट पार पडते. जोखीम सर्वसामान्य स्त्रीपेक्षा जास्त असते, पण दार बंद नसते. जोखीम वाढवणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे चढलेला रक्तदाब आणि जास्त प्रथिन, आणि सुदैवाने त्या दोन्ही कमी करण्याचा प्रयत्न करता येतो.

म्हणून क्रम असा धरावा, असे मी सुचवीन. पहिले सहा महिने ते वर्षभर सध्याच्याच औषधांनी प्रथिन जमेल तितके खाली आणायचे. अर्ध्या ग्रॅमच्या खाली आले तर उत्तम. या काळात संततिनियमन काटेकोर ठेवायचे. आजार काही महिने स्थिर राहिला की मूत्रपिंडतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांना एकत्र विचारून टेल्मिसार्टन बंद करायचे आणि रक्तदाबासाठी लॅबेटालॉल किंवा निफेडिपिनसारखे गरोदरपणात चालणारे औषध सुरू करायचे. दिवस राहिल्यावर साधारण बाराव्या आठवड्यापासून ॲस्पिरिनची छोटी मात्रा बहुधा दिली जाते, तीही त्यांच्याच सल्ल्याने. आणि कुटुंब पूर्ण झाल्यावर, पुरेशा उपचारांनंतरही प्रथिन एक ग्रॅमच्या आसपास रेंगाळत असेल, तर एंडोथेलिनचे दार अडवणाऱ्या गोळ्यांचा विषय पुन्हा काढायचा. तोवर त्यांच्याविषयीची माहितीही वाढलेली असेल. हे सगळे ‘मलाही हवे आहे’ या तुमच्या शब्दांवर विसंबून लिहिते आहे. ती इच्छा घरच्यांच्या आग्रहातून आलेली असेल, तर क्रम बदलेल, आणि तो बदलण्याचा अधिकार तुमचा आहे.

एका आकड्याची मात्र आधी खात्री करून घ्या. १.१ हा आकडा चोवीस तासांच्या लघवीतून आला आहे, आणि शाळेत जाणाऱ्या बाईची चोवीस तासांची लघवी पूर्ण गोळा होते यावर माझा फारसा विश्वास नाही. कॅन घरी, तुम्ही शाळेत, मधल्या सुट्टीतली लघवी कुठे गेली? ही तपासणी रविवारी करा: सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्या, वेळ लिहून ठेवा, त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये घ्या आणि सोमवारी त्याच वेळची शेवटची घेऊन कॅन प्रयोगशाळेत द्या. किंवा सकाळच्या एकाच नमुन्यातले प्रथिन-क्रिएटिनीन गुणोत्तर करून घ्या. दर वेळी तेच केले तर तुलना सोपी जाते. पाळीच्या दिवसांत आणि तापात नमुना देऊ नका.

दुसरे मीठ. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचा भरेल एवढे, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण, वरून भुरभुरलेले सगळे आले. मीठ जास्त असले की टेल्मिसार्टनची प्रथिन रोखण्याची ताकद निम्म्यावर आल्यासारखी होते, हे रुग्णांना पटवून देताना माझी अर्धी ओपीडी जाते. सैंधव हेही मीठच आहे. ‘लो सोडियम’ नावाच्या मिठात पोटॅशियम असते, म्हणून टेल्मिसार्टन घेणाऱ्याने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. अंगदुखीवर दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन टाळा. घसा दुखून ताप आल्यावर लघवी चहासारखी लाल झाली तर त्याच दिवशी दाखवा. या आजारात तसे होते.

पुढच्या भेटीला जाताना फाइलच्या पहिल्या पानावर तीन वाक्ये लिहून न्या आणि बोलणे जमले नाही तर तो कागद पुढे करा: मला दुसरे मूल हवे आहे, टेल्मिसार्टनची मात्रा वाढवता येईल का, आणि ते कधी बंद करायचे. दिरांना गोळ्यांऐवजी दंडावर पट्टा बांधून रक्तदाब मोजणारे, तपासून प्रमाणित केलेले यंत्र पाठवायला सांगा, मनगटावरचे नको. पट्टा तुमच्या दंडाच्या मापाचा हवा, म्हणून दंडाचा घेर मोजून त्यांना आधी कळवा.